मक्याच्या मुलखात वर्धेचा माणूस



वैशाखातले नागपूरचे ऊन दिवसभर सोसून आपण संध्याकाळी येथे जमलो आहोत. गावोगावी शेते नांगरून पडली आहेत आणि विदर्भातला शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसला आहे. याच दिवसांत, १५ मे रोजी, अर्ध्या पृथ्वीपलीकडे मेक्सिकोच्या खेड्यांत सान इसिद्रो या शेतकऱ्यांच्या संताचा सण साजरा होतो. त्या दिवशी बैलांना फुलांच्या माळा घालतात, जू सजवितात, वाजतगाजत जोड्या देवळापुढे नेतात आणि पाऊस वेळेवर येऊ दे म्हणून गाऱ्हाणे घालतात. तेथेही पावसाळा मे-जूनमध्येच सुरू होतो. हे ऐकून पोळ्याची आठवण होणार नाही असा वैदर्भीय विरळा.

हा इसिद्रो मूळचा स्पेनमधील माद्रिदचा एक गरीब शेतमजूर. तो प्रार्थनेत गुंतला की देवदूत येऊन त्याचा नांगर हाकीत, अशी कथा आहे. जनाबाईचे दळण विठोबाने दळल्याचे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा ही कथा आपणांस परकी वाटू नये. १६२२ साली पोपने त्याला संतपद दिले. त्याच दिवशी ते फ्रान्सिस झेवियरलाही मिळाले, ज्याचा देह आपल्या जुन्या गोव्यात आहे. एकाच दिवशी संत ठरलेल्या दोघांपैकी एक आपल्या किनाऱ्यावर राहिला आणि दुसरा मेक्सिकोच्या नांगराला जोडला गेला.

परंतु आजचा आमचा विषय संतांचा नव्हे. वर्धेत जन्मलेला, नागपुरात शिकलेला आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्या मक्याच्या मुलखात काढून अखेर नागपुरातच देह ठेवणारा एक मराठी माणूस, डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, हा आमचा विषय आहे. परदेशी राहणे म्हणजे काय, परक्यांच्या सणावारांत माणूस कोणत्या दाराने शिरतो, हे त्यांच्या चरित्रावरून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या कळेल.

खानखोजे मुळात शेतीसाठी परदेशी गेले नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते घराबाहेर पडले ते सशस्त्र क्रांतीचे शिक्षण घेण्यासाठी. जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि पुढे ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत कृषिशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ साली गदर पक्षाच्या उभारणीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढताना ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. पुढे बर्लिन झाले, मॉस्को झाले. परतीची वाट मात्र इंग्रज सरकारने बंद केली होती. १९२४ साली ते मेक्सिकोस पोहोचले, तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता, स्पॅनिश भाषा नव्हती आणि मायदेशी जाण्याची आशाही नव्हती. होती ती एकच विद्या: बी ओळखण्याची आणि माती ओळखण्याची.

ते गेले तो मेक्सिको कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९१० साली पेटलेली तेथील क्रांती नुकती कोठे शमली होती. १९१७च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडण्याचा मार्ग खुला केला होता आणि चर्चच्या सत्तेलाही वेसण घातली होती. राजधानीजवळ तेस्कोकोच्या परिसरात चापिंगो नावाची एक प्रचंड जमीनदारी होती. १९२४ साली त्या वाड्यात राष्ट्रीय कृषिशाळा आली आणि तेथेच खानखोजे प्राध्यापक झाले. वाड्यात जमीनदाराचे खाजगी प्रार्थनामंदिर होते. त्याच्या भिंतींवर आणि छतावर दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने माती, बीज, अंकुर आणि शेतकरी यांची चित्रे काढली. भूमी हीच तेथे देवता झाली. जमिनीपासून पीक काढायला शिकवावे, माणसाला पिळायला नव्हे, अशा अर्थाचे त्या शाळेचे ब्रीद होते.

पुढे १९२६ च्या जुलैअखेर सरकार आणि चर्च यांचे उघड वैर झाले. धर्मगुरूंनी देशभर सार्वजनिक उपासना बंद केली आणि पश्चिमेकडील शेतकरी धर्मासाठी हत्यारे घेऊन उठले. जून १९२९ मध्ये तडजोड होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, देवळांत पुरोहितच नव्हता. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. पुरोहित गेला म्हणून सण गेले काय? गेले नाहीत. कारण त्या लोकांचे पुष्कळसे सण देवळात नव्हतेच मुळी. ते घराच्या ओसरीवर, चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर होते.

मृतांच्या दिवसांचेच पाहा. १ नोव्हेंबरला गेलेली मुले आणि २ नोव्हेंबरला गेलेली थोर माणसे घरी येतात, अशी श्रद्धा आहे. घरात चौरंगासारखी मांडणी करतात. तीवर पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, आणि गेलेल्याला जे आवडत असे ते: मक्याच्या पानात शिजविलेले तामाल, गोड पाव, कोणाला तंबाखू, कोणाला दारूचा पेला. दारापासून मांडणीपर्यंत पिवळ्या फुलांची वाट घालतात, म्हणजे आत्मा चुकू नये. आपण सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट पाहतो. ते फुलांची वाट घालून पितरांची वाट पाहतात. एवढेच की आपल्याकडे त्या पंधरवड्यावर सुतकाची छाया असते आणि त्यांच्याकडे स्मशानातसुद्धा गाणी असतात. या सणास २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

ग्वादालूपेच्या देवीचेही तेच. १२ डिसेंबरला तेपेयाकच्या टेकडीकडे देशभरातून माणसे पायी निघतात. आपल्या वारीची आठवण यावी असा तो लोंढा असतो. १५३१ साली एका मूळनिवासी माणसास तेथे देवीने दर्शन दिले, अशी कथा आहे. आणि स्पॅनिश येण्यापूर्वी त्याच टेकडीवर तोनान्त्सिन, म्हणजे ‘आमची माता’, हिचे ठाणे होते. १८१० च्या स्वातंत्र्ययुद्धात हीच देवी निशाणावर होती आणि १९१४ साली झापाताचे शेतकरी-सैनिक राजधानीत शिरले तेव्हा ती त्यांच्या टोप्यांवर होती. चर्चशी लढणारी क्रांतीदेखील देवीला सोडून चालली नाही.

आणि नागपूरकरांस तर आणखी एक ओळखीची गोष्ट सांगितली पाहिजे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मेक्सिकोत कागदाच्या लगद्याचे ‘हूदास’, म्हणजे विश्वासघातकी ज्यूडासचे पुतळे, रस्त्यावर टांगून दारूकामाने उडवितात. पुतळा नावाला ज्यूडासचा. तोंडवळा पुष्कळदा एखाद्या पुढाऱ्याचा नाहीतर सैतानाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत निघते. मागून भ्रष्टाचाराचे, महागाईचे बडगे निघतात आणि गावाची रोगराई घेऊन जाण्यास मारबतीला बजावून लोक तिला जाळतात. दोन्हीकडे सामान्य माणसाला वर्षातून एक दिवस आपला राग रस्त्यावर जाळण्याची मुभा आहे.

अशी साम्ये दिसली की आपल्यातील काही उत्साही मंडळींना लगेच स्फुरण चढते. मेक्सिको म्हणजे पुराणांतले पाताळ, ‘माया’ म्हणजे मयासुर, असे सांगणारे ग्रंथ आपल्याकडे खपले. ‘हिंदू अमेरिका’ नावाचे पुस्तक १९४० साली निघाले. आम्हांला हे मत मुळीच मान्य नाही. नावांच्या उच्चारावरून इतिहास सिद्ध होत नाही. जेथे माणूस बैलाच्या बळावर जगतो तेथे बैलाची पूजा होते, जेथे पाऊस हुलकावणी देतो तेथे पावसाला साकडे घातले जाते. त्यासाठी आर्यांनी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. शिवाय मेक्सिकोचा बैलही स्पॅनिश लोकांनीच नेलेला आहे, त्यापूर्वी तेथे बैल नव्हता.

खरे देणेघेणे झाले ते उलट दिशेने. पितरांसाठी ज्या पिवळ्या फुलांची वाट घालतात ते ‘सेंपासूचिल’ म्हणजे आपला झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचा. दसऱ्याचे तोरण, बैलाच्या गळ्यातील माळ, यांतून तो काढला तर काय उरेल? वऱ्हाडी ठेच्यातली मिरची तिकडचीच, पेरू आणि सीताफळ अमेरिका खंडातले, आणि मका तर मेक्सिकोनेच जगाला दिला. हे सारे पोर्तुगीज गलबते सुरू झाल्यानंतर आपल्याकडे आले आणि चारपाचशे वर्षांत इतके आपले झाले की देवाला वाहताना कोणाला शंका येत नाही. ज्याला आपण अनादि परंपरा म्हणतो तिच्यात पाहुणे किती आहेत, हे यावरून कळावे.

खानखोजे अशा देशात पाहुणे होते. ते तेथील लोकांचे झाले ते सण पाहून नव्हे. ज्या मक्याभोवती ते सण फिरतात त्या मक्यात हात घालून झाले. त्या मुलखात मका हे नुसते धान्य नव्हे. रानटी तेओसिंते गवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथल्या माणसाने तो घडविला. चुन्याच्या पाण्यात शिजवून, मेतातेवर, म्हणजे आपल्या पाट्यासारख्या दगडावर, वाटून त्याची तोर्तिया भाजतात. ती आपल्या भाकरीची सख्खी बहीण. २ फेब्रुवारीच्या सणाला खेडोपाडी बियाण्याची कणसे देवासमोर ठेवून आशीर्वाद मागतात. खानखोजे यांनी त्याच बियाण्यावर प्रयोग केले, मका आणि तेओसिंते यांचा संकर केला आणि १९२८च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. फी नाही, पदवी नाही; दिवसभर राबलेल्या माणसाने येऊन बियाणे कसे निवडावे, जमीन कशी राखावी, हे शिकावे. झापाताच्या नावानेही अशी एक शाळा होती. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली आहेत.

मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत एक चौक आहे. त्याला ‘सणांचा चौक’ असेच म्हणतात. तळमजल्याच्या भिंतींवर रिव्हेराने मृतांचा दिवस, मक्याचा सण आणि ज्यूडासचे दहन रंगविले. त्याच चौकाच्या वरच्या मजल्यावर १९२८च्या सुमारास त्याने ‘आमची भाकर’ नावाचे चित्र काढले. मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि मधला पुरुष भाकर मोडतो आहे. तो पुरुष खानखोजे यांच्यावरून रंगविला, असे मानले जाते. येशूच्या अखेरच्या भोजनाची मांडणी, आणि त्याच्या जागी वर्धेचा माणूस! परक्या देशाने याहून मोठा मान कोणाला द्यावा?

१९३६ साली त्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन यांच्याशी विवाह केला. मेक्सिकोत वाढलेल्या थोरल्या मुलीचे नाव सावित्री. वडिलांचे चरित्र तिनेच लिहिले आणि ते प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर बंदी उठली आणि पन्नाशीच्या दशकात खानखोजे नागपुरास येऊन राहिले. जानेवारी १९६७ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसविण्यात आला.

पुतळ्याचा आम्हांस आनंदच आहे. पण मन एका ठिकाणी अडते. मेक्सिकोच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारी जाऊन ज्याने शाळा काढल्या, तो माणूस कोरडवाहू विदर्भाचा होता. ऐन उमेदीची वर्षे राजद्रोही ठरून बाहेर गेली आणि तो परतला तेव्हा वयाची सत्तरी जवळ आली होती. ज्या वर्धा-यवतमाळच्या शेतकऱ्याने गेल्या तीस वर्षांत कर्जापायी गळफास घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या, त्याच्या बांधावर अशी शाळा निघाली नाही. हा दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. कारण खानखोजे परतल्यानंतरही ते आपल्यात दहा वर्षांहून अधिक काळ होते आणि त्यांच्याकडून शिकून घेण्याची घाई आपण केली नाही.

मृतांच्या दिवशी मेक्सिकोत मांडणीवर गेलेल्या माणसाची आवडती वस्तू ठेवतात, हे आम्ही मघाशी सांगितले. येत्या पोळ्याला बैलांच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडतील. विदर्भातल्या एखाद्या तरी गावाने त्या संध्याकाळी पाच-दहा शेतकऱ्यांना एकत्र बसवून बियाण्याविषयी तासभर बोलावे. फी नाही, पदवी नाही. खानखोजे यांना आवडणारे असे आम्हांस तरी याहून दुसरे काही सुचत नाही.