सायकलस्वारांसाठी मार्ग आखणारे सॉफ्टवेअर : निरनिराळ्या संगणक प्रणालींवर बसविण्याची पद्धत

विद्यानगराहून पंढरपूरला सायकलीने जावयाचे झाल्यास सुमारे पावणेचारशे ते चारशे किलोमीटरचा प्रवास होतो. पटानचेरू, संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, मोहोळ आणि पंढरपूर असा हा सरळ मार्ग असून त्याचा बहुतांश भाग राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून जातो. वाटेत तेलंगण, कर्नाटक व महाराष्ट्र ही तीन राज्ये लागतात. मोटारींसाठी आखलेला मार्ग सायकलस्वाराला मालमोटारींच्या रांगेत नेऊन सोडतो. हैदराबादच्या १५८ किलोमीटर लांबीच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्याच्या मुख्य मार्गिकेवर तर दुचाकींना मुळातच मनाई आहे. म्हणून सायकलीचा विचार करून मार्ग आखणारे सॉफ्टवेअर प्रत्येक भाविक सायकलस्वाराने निघण्यापूर्वी आपल्या संगणकावर बसवून घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

सॉफ्टवेअरची ओळख

या कामी 'बीराउटर' हे विनामूल्य व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपयुक्त आहे. २००४ साली सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या लोकसहभागातून घडलेल्या नकाशातून ते रस्त्यांची माहिती घेते. चढ-उतार समजण्यासाठी मुख्यतः फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीचा आधार घेतला जातो. एकदा सर्व सामग्री उतरवून घेतली की इंटरनेटवाचूनही काम चालते.

बीराउटर स्वतः नकाशा दाखवीत नाही, केवळ मार्ग काढून देते. नकाशा पाहण्यासाठी त्यास एखाद्या सोबत्याची गरज असते. संगणकावर 'क्यूमॅपशॅक' व भ्रमणध्वनीवर 'ओएसमअँड' हे सोबती सोयीचे पडतात.

नकाशाचा तुकडा निवडणे

बीराउटरची सामग्री पाच अंश अक्षांश व पाच अंश रेखांश अशा चौरस तुकड्यांत विभागलेली असते. तुकड्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून त्याचे नाव ठरते. आपल्या भाविकांची सोय अशी की हैदराबाद, सोलापूर, तुळजापूर व पंढरपूर ही सर्व ठिकाणे ७५ ते ८० पूर्व रेखांश आणि १५ ते २० उत्तर अक्षांश या एकाच चौकटीत येतात. अर्थात 'ई७५ एन१५' हा एकच तुकडा पुरेसा होतो. पुण्यापर्यंत जावयाचे असल्यास मात्र 'ई७० एन१५' हा शेजारचा तुकडाही घ्यावा.

विंडोज

१. बीराउटर जावा भाषेत लिहिलेले असल्याने प्रथम जावा बसवावे.
२. क्यूमॅपशॅकच्या अधिकृत पानावरून विंडोजसाठीची फाइल उतरवून नेहमीप्रमाणे बसवावी.
३. क्यूमॅपशॅकमधील मार्ग आखण्याच्या विभागात बीराउटर निवडून त्याची मांडणी सुरू करावी. इंटरनेटवाचून काम चालविण्यासाठी 'लोकल' हा पर्याय घ्यावा. पुढे फोल्डर, जावाचे ठिकाण, प्रवासाचे प्रकार व नकाशाचे तुकडे या क्रमाने विचारणा होते.

मॅक

पायऱ्या याच आहेत. ॲप स्टोअरबाहेरून आणलेले सॉफ्टवेअर मॅक प्रथम उघडू देत नाही. अशा वेळी घाबरून ते काढून टाकू नये. फाइल अधिकृत पानावरूनच घेतल्याची खात्री करावी आणि सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागातून परवानगी द्यावी.

लिनक्स

उबुंटू व डेबियन यांच्या भांडारात क्यूमॅपशॅक व जावा दोन्ही उपलब्ध आहेत, त्यामुळे बाहेरून फाइल आणावी लागत नाही. बीराउटरची मांडणी वर सांगितल्याप्रमाणेच करावी.

अँड्रॉइड व आयफोन

अँड्रॉइडवर प्रथम बीराउटरचे ॲप बसवून त्यात नकाशाचा तुकडा उतरवावा. नंतर ओएसमअँड बसवून त्याच्या सायकल विभागात मार्गदर्शनाचा प्रकार म्हणून बीराउटर निवडावे. आयफोनसाठी बीराउटरचे ॲप नाही. आयफोनधारकांनी संगणकावर मार्ग आखून तो 'जीपीएक्स' फाइलच्या रूपात जतन करावा व फोनवरील ओएसमअँडमध्ये उघडावा.

सामान्यतः होणारी चूक

प्रस्तुत लेखकाने हे सॉफ्टवेअर प्रथम बसविले तेव्हा सर्व काही यथासांग होऊनही मार्ग काही उमटेना. अर्धा दिवस गेल्यावर ध्यानात आले की, नकाशाचा तुकडा हाताने उतरवून भलत्याच फोल्डरमध्ये ठेवला होता. तुकडे 'सेगमेंट्स४' या फोल्डरमध्ये व प्रवासाचे प्रकार 'प्रोफाइल्स२' या फोल्डरमध्येच असावे लागतात.

प्रवासाचा प्रकार निवडणे

सॉफ्टवेअर बसले म्हणजे काम संपले असे नाही. खरा विवेक येथे लागतो. 'ट्रेकिंग' हा प्रकार शांत वाटा शोधतो, परंतु कच्च्या रस्त्यांचे त्यास वावडे नाही. आषाढीच्या सुमारास पाऊस झालेला असल्यास सोलापूर जिल्ह्यातील काळी माती चाकांना अशी धरते की सायकल खांद्यावर घेण्याची वेळ येते. 'फास्टबाइक' हा प्रकार डांबरी रस्ता पसंत करतो, पण वर्दळीकडे नेऊ शकतो. 'फास्टबाइक लोट्रॅफिक' हा त्यातल्या त्यात मध्यम मार्ग होय. पावसाळ्यात तोच घ्यावा. एकाच प्रवासासाठी बीराउटर पर्यायी मार्गही देते, ते अवश्य ताडून पाहावेत.

चढाचा आलेखही पाहावा. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. जहीराबाद-हुमनाबाद परिसरात उंची सहाशे मीटरच्या वर जाते आणि पुढे सोलापूर-पंढरपूरकडे उतरत साडेचारशेच्या घरात येते. पहिल्या टप्प्यातच दमछाक होते ती यामुळे. मुक्कामांची आखणी त्यानुसार करावी.

शेवटी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. खेड्यापाड्यांतील अनेक रस्त्यांचा पृष्ठभाग कच्चा की पक्का, ही नोंद ओपनस्ट्रीटमॅपवर अद्याप नाही. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर केवळ अंदाज करते. म्हणून आडवाटेला वळण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे, आणि परतल्यावर आपणास दिसलेली स्थिती त्या नकाशावर नोंदवावी. तेथे कोणासही विनामूल्य खाते उघडता येते. आज केलेली एक नोंद पुढील वर्षी निघणाऱ्या अनोळखी सायकलस्वाराला चिखलातून वाचवू शकेल. भाविकांनी याची नोंद घ्यावी, ही विनंती.