दुसऱ्याच्या खुर्चीत

टेनिसचा इतिहास सांगताना आपण एकेरीच्या विजेत्यांपाशीच थांबतो. दुहेरीतला खेळाडू लक्षात राहतो तो जोडीदाराच्या नावासकट. अमेरिकेचा पॉल ॲनाकोन त्यांतलाच. १९८४ मध्ये पात्रता फेरीतून येऊन तो विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला खरा. पण मोठे यश मिळाले ते १९८५ च्या ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरीत, दक्षिण आफ्रिकेच्या क्रिस्टो व्हॅन रेन्सबर्गच्या साथीने. सर्व्हिस परतवली की लगेच जाळ्याकडे धाव घ्यायची, हा त्याचा खाक्या.

आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या कामामुळे. जानेवारी १९९५ मध्ये मेलबर्नला पीट सॅम्प्रसचा प्रशिक्षक टिम गलिक्सन कोसळला. तोही जुळा भाऊ टॉमसह विम्बल्डन दुहेरीची अंतिम फेरी खेळलेला. त्याला मायदेशी न्यावे लागले. कुरियरविरुद्धच्या सामन्यात सॅम्प्रस कोर्टावरच रडू लागला, तरी दोन सेटची पिछाडी भरून काढून जिंकला. गलिक्सनला मेंदूचा कर्करोग होता.

ॲनाकोनकडे काम आले ते बदली माणूस म्हणून. खुर्ची दुसऱ्याची, आणि तो दुसरा अजून हयात. अशा वेळी स्वतःचा ठसा उमटवायला निघालेला माणूस शिष्य गमावून बसला असता. ॲनाकोनने जम बसलेला खेळ मोडला नाही. आम्हाला यात दुहेरीची सवय दिसते: जोडीदाराने सोडलेली जागा सांभाळायची, त्याचा फटका हिरावायचा नाही.

३ मे १९९६ रोजी गलिक्सन गेला, अवघ्या ४४ व्या वर्षी. त्या वर्षी सॅम्प्रसने यूएस ओपन जिंकली तो दिवस ८ सप्टेंबर, गलिक्सनचा जन्मदिवस.

२००१ अखेर दोघांची फारकत झाली. पुढच्या विम्बल्डनला सॅम्प्रस दुसऱ्याच फेरीत, १४५ व्या क्रमांकाच्या बास्टलकडून हरला. 'आता निवृत्त व्हा' असे सल्ले सुरू झाले. त्याने ॲनाकोनला परत बोलावले. काढून टाकलेल्या माणसाने मान ठेवून परत यावे, हे आमच्या मते फेडररबरोबरच्या त्याच्या २०१२ च्या विम्बल्डनपेक्षाही मोठे. न्यूयॉर्कच्या अंतिम सामन्यात आगासीविरुद्धचा शेवटचा गुण सॅम्प्रसने जाळ्याजवळ, बॅकहँड व्हॉलीवर घेतला. त्यानंतर तो एकही स्पर्धा खेळला नाही. तारीख होती ८ सप्टेंबर २००२.