उदगीरला जमलं, ते पानिपतला का नाही?

मी आठवडाभर कोडमधले बग शोधतो आणि रविवारी मित्रांसोबत सिनेमातले. परवा नांदेडात चहा पिता पिता आमचा वाद पेटला तो ‘स्टार वॉर्स’वरून. २०१७ चा ‘द लास्ट जेडाय’. बंडखोरांची मोजकी जहाजं पुढे पळतायत, इंधन संपत आलंय आणि शत्रूचं अख्खं आरमार तासन्‌तास नुसतं मागे मागे. मित्र म्हणाला, “अरे, दोन जहाजं उडी मारून पुढे पाठव, वाट अडव, विषय संपला! एवढं कळत नाही का?”

मला पटलं. कारण हाच डाव आपल्या शेजारी, लातूर जिल्ह्यात, खरोखर खेळला गेलाय.

साल १७६०. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजाम अली उदगीरच्या बाजूने निघाले होते. त्यांना धारूरकडची आपली फौज गाठायची होती. तोफा, सामान, सगळं सोबत. म्हणजे चाल हळू. सदाशिवरावभाऊंनी त्यांचा नुसता पाठलाग केला नाही. हलक्या घोडदळाने वाट रोखली, चारी बाजूंनी सतावलं, धारूरची मदत पोहोचूच दिली नाही. सोबत इब्राहिमखान गारदी होता. हा तोफांचा वस्ताद आधी निजामाकडेच नोकरीला होता. ३ फेब्रुवारी १७६० ला निर्णायक हल्ला झाला. तहात निजामाला दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख सोडावा लागला.

झकास. आता याच स्टोरीचा दुसरा भाग बघा.

मार्चमध्ये भाऊ परतूडहून उत्तरेला निघाले, ऑगस्टमध्ये दिल्ली हातात आली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दिल्लीच्या वर जाऊन कुंजपुरा जिंकलं. यमुना भरलेली, अब्दाली पलीकडच्या काठावर. तो एवढ्यात नदी उतरणार नाही असा हिशेब. अब्दाली बागपतला उतरला आणि भाऊ अन् दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. रस्ता बंद, रसद बंद. पुढचे अडीच महिने पानिपतात उपासमार आणि १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

हा सिनेमा असता तर आपण ओरडलो असतो, “काय राव! जानेवारी-फेब्रुवारीत ज्याने शत्रूची वाट तोडली, ऑक्टोबरमध्ये त्याचीच वाट तुटते? लेखक झोपला होता का?”

पण इथे लेखक नव्हता. कारणं होती. उदगीरला मुलूख ओळखीचा, फौज सुटसुटीत. पानिपतला सोबत बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे, जड तोफा. पोटं हजारो आणि धान्य दुसऱ्याच्या मुलखातून आणायचं. अब्दालीची रसद तोडायला गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीत होते, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. तोफांभोवती गोल करून सरकायचं ठरलं, म्हणजे उदगीरला निजामाची जी हळू चाल होती, तीच आता आपली झाली. सेनापती तोच होता. त्याची जागा बदलली होती.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा वाचली असेल. त्यात विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि इतिहास वळतो. मला कथा फार आवडते. पण माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, बग त्या गोळीत नाही. गोळीच्या वेळेला सिस्टीम आधीच क्रॅश झाली होती; एरर बागपतच्या घाटावर आली होती, अडीच महिने आधी. विश्वासराव वाचले असते, तरी उपाशी घोड्यांनी किती वेळ धाव घेतली असती?

म्हणून आता अंतराळातली लढाई बघताना मी लेझर मोजत नाही. मी विचारतो, इंधन कुठून येतंय? जेवण कोण पोहोचवतंय? परतीची वाट कोणाच्या ताब्यात आहे? याची उत्तरं पटकथेत नसतील तर तो खरा घोळ. आणि सेनापती चुकला म्हणून लगेच लेखकाला शिव्या देऊ नका. जिंकलेली माणसंही चुकतात, फक्त त्याचं कारण दिसायला हवं.

एखाद्या रविवारी उदगीरचा किल्ला बघून या. तटावर उभं राहून पश्चिमेला धारूरच्या दिशेने बघा आणि ठरवा, तुम्ही निजाम असता तर कुठून निसटला असता? उत्तर कळवा. पुढच्या भागात भेटू!