प्लास्टरच्या मस्तकापासून ब्लेंडरपर्यंत: कॉमिक्सच्या रेषेमागचे थ्रीडी मॉडेल

थ्रेड 🧵

१९५० साल. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील साउथपोर्ट गावात एका जुन्या बेकरीत पाव भाजणे केव्हाच थांबले होते. तिथे आता काही तरुण चित्रकार अंतराळयाने घडवत होते. यानांच्या प्रतिकृती, पात्रांची प्लास्टरची मस्तके, अवकाशयात्रींचे शिवून घेतलेले गणवेश असे सगळे साहित्य त्या जागेत साठले होते. हे चित्रपटाचे कार्यालय नव्हते. इथे दर आठवड्याला कॉमिक्सची दोन पाने तयार होत.

त्या पानांचे नाव ‘डॅन डेअर’ आणि त्यांचा कर्ता फ्रँक हॅम्पसन. १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि मुखपृष्ठावरच ही कथा सुरू झाली. आज कोणी ब्लेंडर किंवा स्केचअपमध्ये खोली उभारून त्यावरून कॉमिक्स काढले, की ‘ही तर फसवणूक’ असा शेरा हमखास येतो. तो शेरा मारणाऱ्यांना मी आधी या बेकरीत घेऊन जाऊ इच्छिते.

हॅम्पसन यांची पद्धत अशी. प्रथम ते संपूर्ण पानाचा रंगीत कच्चा आराखडा काढत. मग स्टुडिओतील माणसे पात्रांच्या पवित्र्यात उभी राहत आणि त्यांची छायाचित्रे घेतली जात. सर ह्यूबर्ट गेस्ट या वयस्क अधिकाऱ्यासाठी हॅम्पसन यांचे वडीलच उभे राहत. फ्लेमर स्प्राय या मुलासाठी त्यांचा मुलगा पीटर, तर प्रोफेसर पीबॉडीसाठी स्टुडिओतील चित्रकार ग्रेटा टॉमलिन्सन. आराखडा, छायाचित्रे आणि प्रतिकृती समोर ठेवून मग अंतिम पान रंगवले जाई.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पान एका हाताचे नव्हते. चार माणसांनी मिळून एकच यान काढायचे, आज समोरून, पुढच्या आठवड्यात मागून, आणि तरी वाचकाला ते तेच यान वाटले पाहिजे. यानाची मागची बाजू कशी आहे, हा प्रश्न कागदावर दर वेळी नव्याने उभा राहतो. प्रतिकृतीत तो एकदाच सोडवावा लागतो. त्रिमित मॉडेलचा चित्रकथेतील मूळ उपयोग हाच. चित्र ‘खरे’ दिसावे हा हेतू त्यानंतरचा.

त्याच काळात ब्रसेल्समध्ये एर्जे हेही याच वाटेने जात होते. टिनटिनच्या चंद्रमोहिमेसाठी त्यांनी रॉकेटची आतून उघडता येणारी प्रतिकृती करून घेतली आणि ती पॅरिसला नेऊन अंतराळविज्ञानाचे अभ्यासक अलेक्झांडर अनानॉफ यांना दाखवली. कप्तान हॅडॉक नेमक्या कोणत्या मजल्यावर उभा आहे, हे सहायकांना त्या प्रतिकृतीतून कळे.

मात्र ही पद्धत महागडी होती. १९५९ मध्ये ‘ईगल’चे मालक बदलले, खर्चिक स्टुडिओ नव्या व्यवस्थापनाला परवडेनासा झाला आणि हॅम्पसन ‘डॅन डेअर’पासून दूर झाले. प्रतिकृतीला लाकूड, प्लास्टर, जागा आणि पगारी माणसे लागतात. ही अडचण संगणकाने सोडवली, पण त्याला पुढची चाळीसेक वर्षे लागली, आणि मधला काही काळ तर तो चक्क चुकीच्या दिशेने चालला.

थोडे मागे जाऊन १९६३ पाहू. एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करण्याचा प्रोग्रॅम सादर केला. त्याच वर्षी तिथलेच लॉरेन्स रॉबर्ट्स घन वस्तूंच्या एका विचित्र अडचणीशी झुंजत होते. संगणकाला ठोकळ्याच्या सर्व बाराही कडा ठाऊक असतात, म्हणून तो त्या सगळ्या काढतो आणि ठोकळा काचेचा दिसतो. कोणत्या रेषा डोळ्याआड जातात हे यंत्राला शिकवावे लागले. थ्रीडीच्या इतिहासातील आरंभीचा मोठा प्रश्न ‘काय काढायचे नाही’ हा होता, ही गोष्ट मला फार आवडते. कारण शाईने काम करणारा प्रत्येक कॉमिक्स चित्रकार आयुष्यभर तेच शिकत असतो.

आता एकदम १९८५. अमेरिकेत फर्स्ट कॉमिक्सने ‘शॅटर’ प्रसिद्ध केले. लेखक पीटर गिलिस, चित्रकार माइक सेंझ. मॅकिंटॉशवर, माउस हातात धरून काढलेली ही चित्रे होती. चौकोनी ठिपक्यांची, दातेरी रेषांची, आणि पूर्णतः सपाट. यात त्रिमित काही नव्हते, पण कॉमिक्सचे पान यंत्रावर होऊ शकते हे सिद्ध झाले.

पाच वर्षांनी, १९९० मध्ये, डीसीने पेपे मोरेनो यांचे ‘बॅटमॅन: डिजिटल जस्टिस’ काढले. आता पडद्यावर रंग होते, छटा होत्या, त्रिमित आकार होते. मला हे पुस्तक आवडत नाही, हे सरळ सांगते. धाडस म्हणून त्याचे स्थान मोठे आहे. पण त्यातील कित्येक चौकटी स्वतःतच पूर्ण आणि चकचकीत आहेत. नजर तिथे थबकते आणि पुढच्या चौकटीकडे जायचे विसरते. सावली, चमक, पोत असे सगळे यंत्राने आधीच सांगून टाकल्यावर वाचकाने दोन चौकटींमध्ये स्वतःचे काय भरायचे?

चुकीची दिशा म्हणाले ती हीच. त्या काळी संगणकाकडून चित्र मागितले जात होते. कॉमिक्सला हवी होती रेषा.

वळण आले ते दोन साध्या साधनांमुळे. १९९५ मध्ये लॅरी वाइनबर्ग यांचे ‘पोझर’ बाजारात आले. चित्रकाराच्या टेबलावर सांधे वळवता येणारा लाकडी बाहुला असतो ना, त्याची ही संगणकातील आवृत्ती. २००० मध्ये ‘स्केचअप’ आले. ते वास्तुविशारदांसाठी होते, चित्रकथेशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. २००६ मध्ये गूगलने ते विकत घेऊन त्याची मोफत आवृत्ती दिली आणि मग जगभरच्या कॉमिक्स चित्रकारांनी त्यात गल्ल्या, जिने, वर्गखोल्या बांधायला सुरुवात केली.

जपानमध्ये हिरोया ओकू यांनी याच सुमारास हा मार्ग पक्का केला. २००० ते २०१३ या काळात चाललेल्या आणि ३७ खंड भरलेल्या त्यांच्या ‘गँट्झ’मध्ये शहरे, इमारती, खोल्या यांची त्रिमित मॉडेले आधी तयार होत. त्यावरून पार्श्वभूमीची चित्रे निघत आणि त्यांच्यावर हाताचे काम चढे. पात्र खोलीच्या कोपऱ्यात वळले की मागची भिंत बिनचूक वळते. साप्ताहिकाच्या मुदतीत हे हाताने करायचे तर सहायकांची फौज बसवावी लागली असती.

पुढची पायरी ही माझ्या मते निर्णायक. जपानी कंपनी सेल्सिसच्या ‘क्लिप स्टुडिओ पेंट’मध्ये (२०१२) त्रिमित मॉडेल थेट पानावर आणून त्याचे रेषा आणि टोन यांत रूपांतर करण्याची सोय आली. ब्लेंडर २००२ मध्येच लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे करून सर्वांसाठी खुले झाले होते. २०१३ मध्ये त्यात ‘फ्रीस्टाइल’ ही मॉडेलच्या कडांवरून रेषा काढणारी यंत्रणा समाविष्ट झाली. रेषा कुठे जाड, कुठे बारीक, कोणत्या कडा वगळायच्या, हे आता चित्रकार ठरवू लागला. रॉबर्ट्स यांचा १९६३ मधला प्रश्न असा चित्रकाराच्या टेबलावर येऊन बसला. आज कोरियन वेबटून दर आठवड्याला एवढी रंगीत दृश्ये देऊ शकतात, त्यामागे स्केचअपमधील तयार इमारतींचा मोठा वाटा आहे.

दोष आहेतच. विकत मिळणारी वर्गखोली दहा कथांत दिसते, अगदी खिडकीच्या कडीसह. आणि मॉडेल भूमितीचा नियम मोडत नाही, चित्रकार मात्र मोडतो. धावत्या माणसाचा पुढचा पाय तो मुद्दाम अवाढव्य काढतो, उंच बुरूज थोडा वाकवतो. मॉडेलवरून जशीच्या तशी गिरवलेली माणसे शोकेसमधल्या पुतळ्यांसारखी दिसतात, ती यामुळेच.

पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला छळणारा दोष वेगळा आहे, आणि तो मला अनुभवाने कळला.

गेल्या वर्षी मी आणि माझी एक चित्रकार मैत्रीण रायगडावर चार पानांचे कॉमिक्स करायला बसलो. गडावरील राजवाड्याची आज जोतीच उरली आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात लागलेल्या आगीत वरचे लाकडी बांधकाम गेले. मैत्रिणीने ब्लेंडर उघडले. जोती मापाने उभी राहिली. मग भिंत. सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा रकाना असतो आणि तिथे आकडा लिहावा लागतो. ‘बहुधा’, ‘असावे’, ‘साधनांच्या अभावी सांगता येत नाही’ असे तिथे लिहिता येत नाही. हाताने काढताना तिने तिथे धुके काढले असते, झाडाची फांदी आडवी घातली असती, आणि मीही ते मुकाट्याने चालवून घेतले असते. मॉडेलने आमचे अज्ञान उघडे पाडले. याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आम्ही तोडगा काढला. पुरावा आहे ते करडे, आमचा तर्क आहे ते निळे. वारसास्थळांच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी २००९ मध्ये अंतिम रूप मिळालेला ‘लंडन चार्टर’ हेच मागतो: पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. दोन आठवड्यांत राजवाडा उभा राहिला. जवळपास सगळा निळा.

मग तिने तो रेषांमध्ये रूपांतरित केला आणि निळा रंग नाहीसा झाला. जोत्याचा प्रत्यक्ष दगड आणि आम्ही रात्री अकरा वाजता ठरवलेला छपराचा उतार, दोन्ही एकाच जाडीच्या, एकाच काळ्या, एकसारख्या ठाम रेषेत समोर आले. शाळकरी वाचक त्या छपराकडे पाहून ‘रायगड असा होता’ म्हणणार, हे आम्हा दोघींना त्याच क्षणी कळले.

तुटक रेषा वापरून पाहिल्या. इमारत अर्धवट बांधलेली वाटू लागली. तळटीप घालावी असे मी सुचवले. चौकटीखालची तळटीप कोण वाचतो, असे ती म्हणाली आणि तिचे खरे होते.

अखेरीस तिने कॅमेरा खाली आणला, जोत्याच्या पातळीवर, दगडावर हात टेकून बसलेल्या पहारेकऱ्याच्या नजरेइतका. भिंती चौकटीच्या वरच्या कडेला कापल्या गेल्या. आमच्या चार पानांत राजवाड्याचे छप्पर एकदाही दिसत नाही.