यूएसपी१४

प्रथिनांवर जोडलेले युबिक्विटिन सोडवून घेणारे विकर. हे सिस्टीन प्रोटिएज गटात मोडते आणि त्याचे जनुक उंदरात व माणसात, दोन्हीकडे १८ व्या गुणसूत्रावर असते. यीस्टमध्ये त्याच्या जागी यूबीपी६ हे विकर आढळते.

युबिक्विटिन हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे प्रथिन. पेशीला नकोशा झालेल्या प्रथिनाला त्याची साखळी जोडली जाते आणि मग प्रोटिएसोम हे पिंपासारखे पोकळ संकुल त्या प्रथिनाचे तुकडे करते. या व्यवस्थेच्या शोधासाठी ॲरन चिखानोवर, अव्हरॅम हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यूएसपी१४ प्रोटिएसोमच्या टोकाशी असलेल्या नियामक भागाला चिकटून बसते. एकटे असताना ते जवळजवळ निष्क्रिय असते. प्रोटिएसोमला जोडले गेले की त्याची क्रिया सुमारे ८०० पट वाढते. प्रथिन आत ओढले जात असतानाच ते त्यावरचे युबिक्विटिन काढून घेते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकले गेले तरी क्रेट परत यावे लागतात, नाहीतर पुढचा तोडा भरायचा कशात? पेशीतल्या युबिक्विटिनचेही तसेच आहे.

या कामाचे खरे मोल कळले ते ॲटॅक्सिया (हालचालींवरचा ताबा सुटणे) असलेल्या एका वाणाच्या उंदरांमुळे. या उंदरांच्या यूएसपी१४ जनुकातील पाचव्या इंट्रॉनमध्ये एक फिरता डीएनए-खंड घुसलेला असतो, त्यामुळे विकर फारच कमी बनते. सदोष जनुक आई व बाप दोघांकडून आलेले पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे झाले की थरथरू लागते. पुढे त्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि सहा ते दहा आठवड्यांत ते मरते. स्कॉट विल्सन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे जनुक ओळखले. पार्किन्सनसारख्या विकारांत दिसणारे प्रथिनांचे गोळे या उंदरांच्या मेंदूत सापडले नाहीत, चेतापेशीही मेलेल्या नव्हत्या. बिघाड होता तो सिनॅप्समध्ये, म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या जोडावर. स्नायूंपाशी पोहोचणारी चेतातंतूंची टोके सुजलेली, वेडेवाकडे फाटे फुटलेली दिसली.

पुढे २००५ मध्ये या उंदरांच्या ऊतींत मुक्त युबिक्विटिन सुमारे एक-तृतीयांशाने घटलेले आढळले. फक्त चेतापेशींत यूएसपी१४ परत दिले तेव्हा पिल्ले सावरली. २०११ चा प्रयोग त्याहून बोलका आहे: यूएसपी१४ ची उणीव तशीच ठेवून चेतापेशींना केवळ जादा युबिक्विटिन पुरवले, तरी स्नायूंचे वजन व चेता-स्नायू जोडांचे काम बरेच सुधारले. उंदराच्या चेतापेशीत या विकराचे पहिले काम युबिक्विटिन वाचवण्याचे आहे, असे मानायला हा पुरावा भक्कम आहे.

याला दुसरी बाजूही आहे. युबिक्विटिनची खूण फार लवकर उतरली तर प्रथिन न तुटताच निसटते, म्हणजे यूएसपी१४ विघटनाला लगामही घालते. हार्वर्डमधील डॅनियल फिन्ली, रँडल किंग व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आययू१ हा रोधक शोधला. त्याने संवर्धित पेशींत, स्मृतिभ्रंशाशी निगडित टाऊसारख्या प्रथिनांचे विघटन वाढले. रोधकाचा परिणाम यूएसपी१४ मुळेच होतो का, हे पडताळायला उंदराच्या भ्रूणातून घेतलेल्या, या विकराचा अभाव असलेल्या पेशी उपयोगी पडल्या.

स्मृतिभ्रंशावर यूएसपी१४ चा रोधक औषध म्हणून वापरायचा झाल्यास ॲटॅक्सिया उंदरांचा अनुभव दुर्लक्षून चालणार नाही: विकर दीर्घकाळ रोखले, तर सिनॅप्समधला युबिक्विटिनचा साठा आटू शकतो.