इनाम, मालक आणि सात आयती

महाराष्ट्रात जमिनीचे जुने कागद चाळले की ‘इनाम’ हा शब्द भेटल्याशिवाय राहत नाही. देवस्थान इनाम, पाटलाला इनाम, सैन्यात मर्दुमकी गाजवली म्हणून इनाम. इथे ओझरला, निफाड तालुक्यात, एखाद्या द्राक्षबागेचा व्यवहार ठरला तरी जाणता माणूस आधी विचारतो, जमीन इनामाची तर नाही ना? इनामदार आडनावाची माणसं हिंदूंत आहेत, मुसलमानांतही आहेत.

हा शब्द कुराणाच्या पहिल्याच अध्यायात आहे. तिथे तो क्रियापदाच्या रूपात येतो: ‘अन्‌अम्त’, म्हणजे तू कृपेने दिलंस. त्याच क्रियापदाचं नाम केलं की ‘इनआम’ होतं, आणि मधला घशातला आवाज गाळला की आपलं इनाम.

त्या अध्यायाचं नाव सूरह अल-फातिहा. फातिहा म्हणजे उघडणारी, सुरुवात करून देणारी. एकूण आयती सात. नमाजाच्या प्रत्येक रकातीत ती म्हणावीच लागते, आणि पाच वेळच्या नमाजांच्या फर्ज रकाती होतात १७. म्हणजे नेमाने नमाज पढणारा माणूस दिवसातून किमान १७ वेळा ती म्हणतो. आपल्या शेजारच्या घरात रोज इतक्या वेळा म्हटल्या जाणाऱ्या सात ओळींत काय आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. मी ते शिकायला घेतलं आणि पहिला धक्का बसला तो ओळखीचा. यातले निम्मेअधिक शब्द मी लहानपणापासून वापरत होते.

‘आलमीन’मध्ये आपली ‘आलम दुनिया’ आहे. ‘रहमान’ आणि ‘रहीम’मध्ये ‘रहम’ आहे. अरबीत याच धातूपासून गर्भाशयाचा शब्द होतो, म्हणजे ही दया आईच्या पोटातली. ‘मालिक’ म्हणजे मालक. ‘मग्दूब’मध्ये ‘गजब’ आहे, पण आपण ‘काय गजब गोष्ट!’ म्हणतो तसा नाही. मूळ अर्थ कोप. फसवणारा शब्द एकच, ‘दीन’. मराठी कानाला आधी दीनदुबळा आठवतो, नाहीतर दिवस. इथे तो हिशेबाच्या, न्यायनिवाड्याच्या अर्थाने येतो.

ढोबळमानाने आशय असा: साऱ्या जगांना वाढवणाऱ्या, दयाळू आणि शेवटच्या हिशेबाचा धनी असलेल्या त्याची स्तुती; मग आम्ही तुझीच भक्ती करतो, तुझ्याकडेच मदत मागतो; आणि शेवटी, सरळ वाटेने ने. व्याकरणात गंमत आहे. चौथ्या आयतीपर्यंत ‘तो’ असलेला देव पाचव्या आयतीत एकदम ‘तू’ होतो. कीर्तनकार देवाबद्दल बोलता बोलता देवाशीच बोलू लागतो, तसं. आणखी एक बारकावा मला फार आवडला. इनाम देताना ‘तू दिलंस’ असा कर्ता स्पष्ट आहे. कोपाची वेळ येते तेव्हा कर्ता गायब आणि वाक्य ‘ज्यांच्यावर कोप झाला’ असं कर्मणी होतं. देणाऱ्याचं नाव घ्यायचं, रागावणाऱ्याचं नाही. जुन्या भाष्यकारांनीही यावर बोट ठेवलं आहे.

मग हे शब्द आपल्याकडे आले कसे? मशिदीतून नाही. दख्खनच्या सुलतानांचा दरबार फार्शीत चालायचा आणि फार्शीच्या पोटात अरबी शब्द भरलेले होते. मलिक अंबरने निजामशाहीत जमीनमहसुलाची घडी बसवली, तिचा दाखला मराठी कागद पुढे कितीतरी वर्षं देत राहिले. गावचा कुलकर्णी, ज्याच्या घरात संध्या चालायची, त्याच्या बोरूतूनच हे शब्द मराठीत मुरले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फार्शी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरी इनाम गेलं नाही, मालकही गेला नाही. १९२५ साली माधव जूलियन यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ काढला. तो चाळताना किती शब्द परके वाटत नाहीत, हेच मोजत बसावंसं वाटतं.

थोडक्यात, हे शब्द आपल्याला कचेरीने दिले. कचेरीतून आलेला शब्द हिशेबी होतो. कृपेने देणं हा अर्थ असलेला शब्द आपल्याकडे बिघ्यांत मोजला गेला. आणि कागदावरून एक गोष्ट येऊच शकत नाही: आवाज.

तो आवाज मी शिकतेय आमच्या गल्लीतल्या चाचांकडून. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, गावाच्या नावापुढे लोक सहज ‘मिग’ लावतात. चाचा तिथेच फिटर होते. आता निवृत्त आहेत आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना कुराण वाचायला शिकवतात. मी जाऊन म्हटलं, “चाचा, मला फक्त एक सूरह शिकवाल? नीट म्हणायला.” ते म्हणाले, “अर्थ कुठून घेतलास?” मी विनोबांचं ‘कुराणसार’ दाखवलं. त्यांनी पुस्तक डोळ्यांना लावलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “हे डोक्यासाठी. आता तोंड उघड. पार्टला मायक्रॉनचा फरक चालत नाही बेटा, तसा इथंही चालत नाही.”

अतिशयोक्ती नव्हती. उच्चाराच्या या शास्त्राला तजवीद म्हणतात (आपल्या ‘तजवीज’शी त्याचं नातं नाही). घशाच्या तळापासून ओठांपर्यंत प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. पहिल्याच ‘हम्द’मधला ह घशाच्या मधून, घासून यावा लागतो. आपला साधा ह लावला तर तो धातूच वेगळा, आग विझण्याचा. ‘आलमीन’ची सुरुवात घसा आवळून केली तर जग, नुसता ‘आ’ म्हटला तर वेदनेच्या धातूकडे घसरण. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून चाचांनी माझी वही पहिल्या दिवशीच बंद करायला लावली.

आणि ‘मालिक’चा तो लांब ‘आ’! भारतात सगळीकडे ‘मालिक’ म्हणतात, म्हणजे धनी. मोरोक्कोत मात्र त्याच जागी ‘मलिक’, म्हणजे राजा. मलिक अंबरमधला मलिक तोच. दोन्ही पाठ प्रमाण मानले जातात, दहाव्या शतकात इब्न मुजाहिदने मान्य केलेल्या सात पाठांमध्ये दोन्ही आहेत. एका मात्रेने हिशेबाच्या दिवसाचा राजा होतो किंवा मालक. पाठभेद म्हटला की ज्ञानेश्वरीच्या पोथ्या आठवणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. पण पोथीतला भेद लेखणीतून येतो, हा तोंडातून तोंडात आला आणि दोन्हीकडे जपला गेला.

विनोबा अरबी शिकले ते याच शिस्तीने. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याच्या ब्राह्मण घरातला, संस्कृत कोळून प्यायलेला हा माणूस कुराण मुळातून वाचायला बसला. सेवाग्रामला मौलाना आझाद आले असताना गांधीजींनी विनोबांना कुराणातलं काही म्हणायला सांगितलं आणि तो उच्चार ऐकून मौलाना चकित झाले, अशी आठवण सांगितली जाते. मक्केत जन्मलेल्या, अरबी मातृभाषा असलेल्या विद्वानाचं ते चकित होणं मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. पुढे १९६२ मध्ये ‘कुराणसार’ आलं. त्यात आयती विषयवार लावल्या आहेत. परधर्मीयाने कुराणातून निवड करायची म्हणजे काय, अशी कुरकुर झालीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विनोबा पूर्व पाकिस्तानातून पायी चालत गेले.

माझ्या मनात आणखी एक धागा जुळतो. तो माझा आहे, विनोबांनी असं लिहिलंय असा दावा नाही. रोज ‘मालिक’ म्हणायचा सराव केलेला हा माणूस १९५१ पासून गावोगाव फिरून लोकांना जमीन मागत होता, आणि ग्रामदानात तर थेट मालकी सोडायला सांगत होता. कचेरीने मराठीला दिलेला तो शब्द त्याने सातबाऱ्यावरून काढून मूळ जागी ठेवायचा प्रयत्न केला, असं मला वाटतं.

पण हे शिकणं सगळ्यांना गोड वाटलं नाही. आश्रमाच्या प्रार्थनेत फातिहा आली ती रैहाना तय्यबजींमुळे. गांधीजींचे जुने सहकारी अब्बास तय्यबजी यांची ही मुलगी; गळा सुरेल, कृष्णभजनं गाणारी. गीतेचे श्लोक, भजन, पारशी प्रार्थना यांच्या जोडीला फातिहा अशी ती प्रार्थना वर्षानुवर्षं चालली. मग १९४७ उजाडलं. १ एप्रिलला दिल्लीत वाल्मीकी मंदिराच्या आवारात संध्याकाळची प्रार्थना सुरू होती. मनू गांधींनी अरबी ओळी सुरू केल्या आणि सभेतून एकजण उठला: देवळात हे म्हणायचं नाही. गांधीजींनी विरोध करणाऱ्याला बाहेर काढू दिलं नाही. प्रार्थनाच थांबवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

त्या तीन संध्याकाळी काय अडलं होतं? अर्थ नव्हता अडला. ‘आम्हाला सरळ वाटेने ने’ हे हिंदीत म्हटलं असतं तर त्याच सभेने हात जोडले असते. अडला होता आवाज. पंजाब जळत होता, निर्वासितांच्या कानात त्या आवाजाशी जोडलेल्या कसल्या आठवणी होत्या हे दिल्लीबाहेर बसून आपण हलक्यात घेऊ नये. पण तुमचे अर्थ चालतील, तुमचा आवाज नको, ही मागणी किती खोल जाते तेही बघा. शेजाऱ्याचं म्हणणं मी माझ्या भाषेत ऐकीन, त्याच्या भाषेत नाही. नौखालीत उलट दिशेने हेच घडलं होतं: रामाच्या जोडीला रहीम कशाला, असं म्हणणारे मुसलमान तिथे भेटले होते.

हे प्रकरण महाराष्ट्रापासून दूरचं नाही. पुण्याहून दिल्लीला गेलेल्या नथुराम गोडसेने नोव्हेंबर १९४८ मध्ये न्यायालयात जे निवेदन वाचलं, त्यातल्या तक्रारींत देवळात कुराण वाचल्याची तक्रार आहे. सात ओळींच्या पठणाची नोंद खुनाच्या कारणांत व्हावी, हे वाचून मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

त्याच १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते, दलितांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून. देवळात कोणी यायचं हा प्रश्न पंढरपुरात आणि देवळात काय म्हणायचं हा दिल्लीत, अवघ्या महिन्याभराच्या अंतराने. गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती ओझरपासून जवळच असलेल्या नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, हे इथल्या प्रत्येक शाळेत सांगतात. त्यांनी ‘इस्लामी संस्कृती’ या नावाने पैगंबरांचं चरित्रही लिहिलं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याआधीच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं कागदावर उतरवून घेणारेही गुरुजीच.

माझा अभ्यास सध्या शेवटच्या आयतीवर आहे. तिथे ‘दाल्लीन’ हा शब्द येतो, भरकटलेले अशा अर्थाचा. त्यातला पहिला ‘आ’ सहा मात्रा लांबवायचा, चाचा बोटं मिटत मोजतात. त्याआधीचं अक्षर मात्र भलतं अवघड. जिभेची कड वरच्या दाढांना लावून काढायचा हा जाड आवाज इतका खास की अरबीला त्या अक्षराचीच भाषा म्हणतात. फार्शीने त्याचा ज़ केला आणि आपण ज. रमजान की रमदान, हा दरवर्षी मोबाईलवर रंगणारा वाद त्याच एका अक्षराचा आहे. हजर, अर्ज, कर्ज, फर्ज, मर्जी, काजी, गजब या सगळ्यांत मुळात तेच अक्षर होतं.

ही यादी मी चाचांना वाचून दाखवली. ते खूश झाले. “म्हणजे कर्जापासून मर्जीपर्यंत सगळं चुकीचं म्हणतो का काय आपण?” म्हणाले. मग म्हणाले, “मराठीत तसंच म्हण, तिथं ते बरोबरच आहे. इथं मात्र जीभ डाव्या दाढेला लाव. हं. पुन्हा.”