कराची-जुहू विमानप्रवास : अंतर व काळ

ठाण्यानजीक माजिवडा येथें घोडबंदराकडील रस्ता आग्रा रस्त्यास मिळतो. या नाक्यापासून सांताक्रुझचा विमानतळ सरळ रेषेनें सुमारें १८ किलोमीटर भरतो. रस्त्यानें जाणारास अधिक चाल पडते. दोन ठिकाणें तींच, पण अंतरें दोन. कोस व मजल यांचे आंकडे जुळवितांना संशोधकास जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच विमानप्रवासाच्या कागदांसही अवश्य आहे. किंबहुना तेथें घड्याळाची अडचण अधिक आहे. ता. १५ ऑक्टोबर १९३२ च्या कराची-मुंबई टपाल-विमानाच्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल.

लंडनहून कराचीपर्यंत विमानी टपाल १९२९ च्या मार्चअखेर सुरू झालें. तें पुढें मुंबई व मद्रासेस पोंचविण्याचें काम टाटांनीं पत्करलें. पहिल्या दिवशीं जहांगीर रतनजी टाटा हे स्वतः ‘पस मॉथ’ जातीचें एका एंजिनाचें विमान घेऊन कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं निघाले. अहमदाबादेस बैलगाडींतून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल भरून ते दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासचें टपाल पुढें नेलें.

आतां अंतर पाहूं. कराची ते जुहू सरळ रेषा सुमारें ८७० किलोमीटर आहे. परंतु अहमदाबादेवरून गेल्यास पहिला टप्पा सुमारें ५९० व दुसरा ४४०, एकूण १,०३० किलोमीटर होतात. नमूद वेळांची वजाबाकी ७ तास १५ मिनिटें. सरळ अंतर धरल्यास ताशीं १२० किलोमीटर वेग निघतो, खरा मार्ग धरल्यास १४२. आणि यांत अहमदाबादचा मुक्काम जमेस धरलेलाच आहे.

खरी मेख पुढेंच आहे. १९०६ पासून हिंदुस्थानांत प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरानें आपली स्थानिक वेळ सोडली नाहीं. नगरपालिकेचीं घड्याळें १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें चालत. टपाल व रेल्वे यांचा व्यवहार प्रमाणवेळेनें होई. जुहूची वेळ प्रमाणवेळ असल्यास प्रवास ७ तास १५ मिनिटांचा ठरतो. ती ‘मुंबई वेळ’ असल्यास ७ तास ५४ मिनिटांचा. वेगावरून निवाडा होत नाहीं, कारण ताशीं १३० किलोमीटर हाही त्या विमानास शोभणाराच वेग आहे. टपालाच्या व्यवहाराकडे पाहतां पहिला पक्ष आम्हांस सबळ वाटतो. मात्र एखाद्या मुंबईकराच्या रोजनिशींत विमान उतरल्याची वेळ आढळल्यास ती याच न्यायानें लावूं नये.

टाटांनीं हाच प्रवास १९६२ व १९८२ मध्यें पुनः केला. त्या वेळीं मुंबई वेळ उरली नव्हती. परंतु १९५१ पासून कराचीचें घड्याळ भारताच्या अर्धा तास मागें गेलें होतें. तेव्हां स्थानिक वेळांच्या वजाबाकींतून ३० मिनिटें कमी केलीं पाहिजेत. १९३२ च्या मुंबई वेळेंत मात्र ३९ मिनिटें मिळवावीं लागतात.

सबब, विमानी टपालाचीं पाकिटें, रोजनिश्या व वेळापत्रकें जमविणारांस आमची विनंति इतकीच कीं, नोंद उतरून घेतांना तारखेबरोबर मार्ग, मुक्काम व कोणतें घड्याळ हीं तीनही टिपून ठेवावीं. तिथीचा शक न लिहिल्यानें जुन्या पत्रांचा जो घोंटाळा होतो, तोच येथें ३९ मिनिटांनीं होतो.